एका भाकरीएवढा हेल

आई, तुझ्या नातीनं आल्बम काढला. फोटोंचा नव्हे, गाण्यांचा. आता गाण्यांच्या संचालाही आल्बमच म्हणतात, आणि तो हातात धरायला काही नसतो, फोनमधेच राहतो. आठ गाणी आहेत. सगळी तिनंच रचली, तिनंच म्हटली, वाजवलीसुद्धा बरीचशी तिनंच. पहिलाच आहे म्हणून गल्लीतले पेढे मागतात. मी पेढे वाटले नाहीत. असल्या वेळी माणसाला आतून काहीतरी होतं म्हणतात, मला झालं नाही. फोन कानाला लावला, ऐकलं, खाली ठेवला आणि पीठ मळायला घेतलं. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी. म्हणाली, "आगं, काय तरी बोल की." मी म्हटलं, "ऐकलं." आणखी काय बोलायचं?

तुला लिहायचं कारण एवढंच की शेवटचं गाणं तुझं आहे, आणि ते तुला सांगणारं दुसरं कुणी नाही. लिहायची मला सवय नाही हे तुला ठाऊक आहे. चौथीनंतर मला शाळेतून काढून भाकरी थापायला काठवटीपुढं तूच बसवलंस. त्यामुळं चुकलंमाकलं तर तुझं तू बघ.

मी तुझ्याच घरात राहते. शुक्रवार पेठेतलं तेच, पुढं ओटा, मागं मोरी. भाऊ मोहोळला जाऊन तिकडचाच झाला, मी आणि तुझा जावई इथं राहायला आलो, घर माझ्याकडं राहिलं. कडक भाकरीचा धंदा तुझाच पुढं चालवते. फरक इतकाच की तू खानावळीला मऊ भाकरी द्यायचीस, मी पापडासारखी पातळ थापून मंद आचेवर फडक्यानं दाबत कडक करते आणि दुकानात देते. पुण्यामुंबईची माणसं शेंगाच्या चटणीबरोबर पुडकी बांधून नेतात. काठवट तुझीच. लग्नात दुसऱ्यांच्या आयांनी पितळी घागरी दिल्या, तू लाकडी काठवट दिलीस म्हणून मी वर्षभर तुझ्याशी धड बोलले नव्हते. घागरी दिलेल्यांच्या घागरी मोडीत गेल्या. काठवट आहे. तिचा आवाज दुसऱ्या गाण्यात आहे, थप थप थप, आणि खालून पोरीनं कसला तरी मोठा घुमारा दिलाय. ऐकताना बरगडीत वाजतं.

लोक विचारतात, मुलगी गाते काय? भजन? पिक्चरमधलं? लावणी? मला सांगता येत नाही. एका गाण्यात हलगी आहे आणि तिच्याखाली कम्प्युटरमधून काढलेली धडधड. एकात समोरच्या घरातल्या शेजारणीचं, सगळे तिला खाला म्हणतात, तिचं शिलाई मशीन चालू आहे आणि त्यावर आमची पोरगी दखनी हिंदीत भांडल्यासारखी भराभरा बोलते, गाणं म्हणून. एकात गिटार आणि अक्कलकोटच्या बाजारात ऐकलेले कानडी शब्द. घावंल ते एका पातेल्यात टाकून केलेलं कालवण. मी तिला तसं म्हटलं तर हसली. म्हणाली, "व्हय, तसंच. लोकं त्याला लई मोठी नावं देतात, तू बरोबर दिलंस." तिला एका कंपनीत दिवसभर फोनवर बोलायची नोकरी आहे. तिथून आली की जेवायच्या आधी कानाला ते हेडफोन. दोन वर्षं हेच चाललं होतं. मी म्हणायचे, कान सडतील. ती म्हणायची, सडू दे.

आता हेलाचं. तुला तुझंच सांगण्यात काय अर्थ आहे, पण मी जे बघितलं ते तू बघितलं नसशील, कारण तू खाली मान घालून बसलेली असायचीस.

गल्लीत कुणी गेलं की पहिल्यांदा डॉक्टरला विचारायचे, मग तुला बोलवायचे. दुसऱ्या बायकाही हेल काढून रडायच्या, पण त्यांचं नुसतं रडणं असायचं. तू यायचीस, पदर खोचायचीस, मढ्याच्या उशाशी बसायचीस आणि तुझ्या अक्कलकोटकडच्या रीतीनं कानडीत सुरू करायचीस, "अय्यो नन्नव्वाऽऽ", अगं माझ्या आई. तिथून वर एक गिरकी, आणि मग मराठीत गेलेल्याचं सगळं. काय खायचा, कुणाशी अबोला धरला, कुणाच्या लेकराला सांभाळलं. तिसऱ्या घरातला म्हातारा गेला तेव्हा तू तो सुनेपासून गूळ लपवून ठेवायचा तेही सुरात घेतलंस. बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता रडल्या. सून सगळ्यांत जास्त रडली. आणि शेवटाला तू आवाज खाली आणायचीस, पार खाली, कानाशी बोलल्यासारखा, आणि गेलेल्याला सांगायचीस, आता जा, मागं बघू नको, हितलं आमी बघतो, जा. तू 'जा' म्हटल्याशिवाय तिरडीच्या बांबूला कुणी हात लावायचं नाही. बाप्ये माणसं तंबाखू मळत उन्हात उभी राहायची, पण थांबायची.

मी लहान असताना एकदा ओट्यावर बाहुलीचं मढं केलं आणि तुझ्यासारखा हेल काढला. तू भाकरी टाकून बाहेर आलीस आणि पिठाच्या हातानं माझ्या तोंडावर मारलंस. पीठ नाकात गेलं. "मढं न्हाय त्या घरात हेल काढू ने. हेल आधी आला की मढं मागनं येतं." मी म्हटलं, बाहुली मेलीय की. तू म्हणालीस, "मग जाळ तिला." जाळली नाहीस, पण चुलीजवळ ठेवलीस दिवसभर.

आणि आप्पा गेले तो दिवस. मी तेव्हा न्हातीधुती झालेली. तू उशाशी बसलीयेस, मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आल्यागेल्यासाठी चहाचं आधण ठेवून. तू आप्पांचं सगळं घेतेयस, गिरणीचा भोंगा, सायकल, तुझ्या माहेरी रुसून बसले ते, आणि मधेच थांबतेस आणि साध्या आवाजात म्हणतेस, "आगं, आधण उतरव, ऊतू चाललंय." आणि परत तिथूनच, त्याच सुरातून, उचलतेस. मी बघितलं, तुझे डोळे कोरडे होते. कोरडे ठाक. तिसऱ्या दिवशी मोरीत तू भांडी घासत होतीस तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या डोळ्याला पाणी न्हवतं." मला वाटलं राखेचा हात बसतोय आता. तू घासत राहिलीस. मग म्हणालीस, "रडणं माझं हाय. ते मी रडीन, न्हाय तर न्हाय. हेल त्येंचा हाय. त्येंचा त्येंना द्यायला नगं?" आणि तवा उलटा करून दुसरी बाजू घासायला घेतलीस.

तू गेलीस तेव्हा मी बाळंतपणाला आले होते, दिवस भरत आलेले. पोटुशीनं मढं बघू नये म्हणून मला समोर खालाच्या घरात नेऊन बसवलं आणि खालानं दार लावून घेतलं. खालाचं तेव्हा नवं लग्न झालेलं, ती माझ्यापेक्षा लहान. माझ्याजवळ पाण्याचा तांब्या घेऊन बसली होती. बाहेर सगळे जमलेले कळत होते. बायका नुसत्या मुसमुसत होत्या. हेल कुणी काढीना. कोण काढणार, काढणारीच गेलेली. सगळ्या वाट बघत होत्या की लेक काढेल. दारामागून काढला असता तरी चालला असता, त्याला बंदी नव्हती. मला येत होता. सगळा येत होता, कानडीसकट. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. घसा बसलेला नव्हता, रडूही अडलेलं नव्हतं. नळाला पाणी नसतं तेव्हा तोटी फिरवल्यावर नुसती हवा येते, तसं. खाला म्हणाली, "रो ले गे, रो ले." मी म्हटलं, पाणी दे. मग बाहेर कुणीतरी बांबू उचलल्याचा आवाज झाला. 'जा' कुणी म्हटलंच नाही. तुला तशीच नेली, पाहुणी गाडीची वेळ झाली म्हणून उठून जाते तशी.

त्यानंतर मला त्या बाबतीत काही होईनासं झालं. पोरगी झाली, बरं वाटलं. तुझा जावई गेला, पोरगी दहावीला होती, तेव्हाही नुसती बसून होते. लोक म्हणाले, घट्ट बाई आहे. घट्टबिट्ट काही नाही. मला वाटायचं की सगळ्यांनाच असं होत असेल, फक्त बाकीचे सांगत नसतील.

आता ती दुपार. मी भाकऱ्या पोचवायला बाजारात गेले होते. पोरीला सुट्टी होती, ती घरी. परत गल्लीच्या तोंडाशी आले तर माझ्या दारात चपलाच चपला. कुठल्याही कशाही पडलेल्या, एकावर एक. चपला अशा कधी पडतात ते मला कुणी सांगायला नको. ओट्यावर बायका डोक्यावर पदर घेऊन. दोन बाप्ये बांबूचं बोलत होते. आणि आतून तुझा हेल येत होता. अय्यो नन्नव्वा, मग ती गिरकी, मग उतार. तुला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली आणि तुझा हेल तुझ्या घरातून येतोय. घरात मी एकट्या पोरीला सोडून गेले होते. मला लख्ख कळलं की पोरगी गेली आणि तू तिच्या उशाशी बसलीयेस. हातातली रिकामी पाटी मी भिंतीला टेकवून ठेवली. ती सरळ उभी राहीना म्हणून परत उचलून नीट ठेवली. एवढंच आठवतं.

तेवढ्यात खालानं मान वळवली आणि किंचाळली, "या अल्ला! ये तो जिंदा है!"

मी म्हटलं, "कोण?"

"तूच गे! तूच!"

म्हणजे गल्लीला वाटलं होतं की मी मेले. घरात दोघीच राहतो, हेल तरण्या गळ्याचा, म्हणजे पोरगी रडतेय आणि आई गेलीय, असा हिशोब. दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार बडवलं, ती उघडेना. मग ठरलं की पोरीचं डोकं फिरलं, मढ्याजवळ कडी लावून बसलीय. खालानं भावाला मोहोळला फोन करूनसुद्धा झाला होता. बांबू घेऊन आलेला बाप्या माझ्याकडं रागानंच बघत होता. म्हणाला, "मंग आता ह्ये परत देऊ का?"

मी बायका ढकलत दाराशी गेले आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. "आगं ए भवाने! दार उघड! कोण मेलंय घरात? दार उघड की!" माझा आवाज तुला माहीत आहे. हेल थांबला. कडी निघाली. दारात पोरगी, कानाला हेडफोन, घामानं भिजलेली. तिच्यामागं खिडकीवर तुझ्या दोन गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आतला बाहेर जाईल हे तिच्या डोक्यात नाही. मला म्हणते, "आलीस व्हय? जरा थांबायचंस की, किती चांगला टेक चाललावता रेकॉर्डिंगचा." मग तिनं माझ्यामागची गल्ली बघितली. मी तिचा दंड धरून बघितला. गरम होता. सोडला.

पुढचं सांगते, हसू नकोस. तासाभरानं भाऊ आला, मोटारसायकलवर, डोळे सुजलेले, मागं वहिनी मांडीवर डबा धरून. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कडू घास आणलेला, पिठलं आणि भाकरी. मी ओट्यावर बसले होते. त्यानं मला बघितलं, गाडी स्टँडवर लावली आणि ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "मेली न्हाईस, तर फोन करून सांगायचंस की!"

"काय सांगू? जित्ती हाय म्हणून?"

"व्हय! तेच सांगायचं! कामतीकरांच्या लग्नाचं आवतन सोडून आलोय मी. तोंडात तंबाखूसुदीक टाकली न्हाय."

"मग टाक आता."

वहिनी म्हणाली, "आता ह्या पिठल्याचं काय करायचं?" भाऊ म्हणाला, अन्न हाय, टाकून कसं द्यायचं. मग आम्ही सगळे बसलो, खालासुद्धा, आणि माझा कडू घास मी खाल्ला. मीठ कमी होतं. वहिनी म्हणाली, रडत रडत केलंय, चव कुणी बघितलीय?

जेवताना भाऊ पोरीला म्हणाला, "लाव बघू परत." तिनं लावलं. सगळ्यांचे हात ताटात थांबले. संपल्यावर भाऊ म्हणाला, "आईचा हाय." खाला म्हणाली, "हौ. हमारे में आवाज करके रोना नक्को बोलते, पन इनकी अम्मा का सुनने कू मैं दरवाजे में खडी रहती थी." मग भाऊ माझ्याकडं वळला, "तू शिकवलास हिला?"

"मी? मी तोंड तरी उघडलंय का कधी?"

पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, तूच म्हणतेस की. भाकरी थापताना."

मी म्हटलं, काहीही बोलू नको. ती म्हणाली, काहीही नाही, लहानपणापासून ऐकतेय. रोज. काठवटीत गोळा पडला की सुरू होतं, तोंड मिटलेलं असतं, नाकातून येतं. भाकरी फिरत फिरत मोठी होते तसा सूर वर जातो, गिरकी घेतो, खाली यायला लागतो, आणि भाकरी तव्यावर पडली की बंद. मग पुढचा गोळा, परत पहिल्यापासून. "मला वाटायचं भाकरीचंच गाणं हाय. मामा, मला बारकेपणी वाटायचं सगळ्यांच्या आया हेच म्हणतात." खाला मान हलवत होती. तिलाही माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं म्हणे. मलाच नव्हतं.

भाऊ आणि वहिनी संध्याकाळच्या आत निघाले. ते गेल्यावर मी पोरीला म्हटलं, ते गाणं आल्बमातून काढून टाक. ती म्हणाली, का? मी म्हटलं, मढं नसलेल्या घरात हेल काढू नये. आज दारात बांबू आला, उद्या खरा येईल. ती आधी हसली, मग माझं तोंड बघितलं. म्हणाली, "आई, बाकीची सात मी इकडनं तिकडनं जमवून केलीत. ह्ये एकच मला घरात मिळालंय. ह्ये काढलं तर आल्बमात मी कुटं हाय?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही. ती म्हणाली, तू नको म्हणालीस तर काढीन, पण मग मी आल्बमच काढत नाही. धमकी नव्हती ती. तिला तसं बोलता येत नाही, ते माझ्यावर गेलेलं नाही. ती खिडकीवरच्या गोधड्या उतरवून घडी घालायला लागली. दोन वर्षांचं काम, आणि घडी अशी नीट घालत होती की जणू दुसऱ्याच्या घरच्या आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंडावर पहारा बसवला. गोळा काठवटीत टाकला की दात आवळायचे. आणि काय सांगू आई, भाकरी होईना. इतकी वर्षं थापतेय, डोळे झाकून होते म्हणायचे, तर हात कुठं वळवायचा तेच कळेना. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, कडेला चिरा. तव्यावर टाकली की फाटायची. पीठ बदलून बघितलं, पाणी जास्त कढत घेतलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, कुणी दुसरं करतंय का भाकरी? हात बदललाय." चार दिवस फाटक्या भाकऱ्या आम्ही दोघींनी खाल्ल्या. ती दुधात कुस्करून खायची. पाचव्या दिवशी मी परात आपटली आणि म्हटलं, "ठेव ते गाणं." ती म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "माझ्या भाकऱ्या फाटाय लागल्यात." ती म्हणाली, "त्येचा काय संबंध?" मी म्हटलं, "संबंध हाय. ठेव म्हटलं की ठेव."

खरं तर मी एवढाच विचार केला होता की हेल या घरात वीस वर्षं रोज निघतोय, दिवसाला कितीतरी वेळा, आणि मढं एकच झालंय, तुझ्या जावयाचं, तेही आजारानं. तुझा नियम खोटा आहे असं नाही म्हणत. पण नियमापेक्षा भाकऱ्या जास्त झाल्या.

मग ती शेवटचं विचारायला आली. म्हणाली, "ह्येचा शेवट कसा हाय? तू तव्यावर भाकरी टाकलीस की थांबतेस, म्हणून मला पुढचं कधी मिळालंच न्हाय. आजी पुढं काय म्हणायची?" मी म्हटलं, "मला ठाव न्हाय." ती म्हणाली, "आठव की." मी म्हटलं, "न्हाय आठवत, जा, कामं हायत मला." तर मग तिनं काय केलं, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग तसंच ठेवलं. शेवटच्या गाण्यात तिचा आवाज आहे, खाली ती काठवट, लांबून हलगी, आणि हेल उताराला लागतो तेवढ्यात दार धडधडतं आणि मी ओरडते, "आगं ए भवाने! दार उघड!" आणि गाणं संपतं. हेडफोन लावून ऐकणारे दचकतात म्हणे. खालानं तिच्या घरी सगळ्या बायकांना ऐकवलं, तर त्या जागेला सगळ्या हसल्या आणि खाला तेवढी नाही हसली. ती म्हणाली, "उस दिन बी दरवाजा मैंच लगायी थी ना गे." मी म्हटलं, कुठल्या दिवशी? ती म्हणाली, जाऊ दे. आम्ही दोघींनी चहा घेतला.

लोकांना आवडलंय. पुण्याहून कुणी तिला बोलावलंय, स्टेजवर म्हणायला. ती जाणार आहे. मला म्हणते तूही चल, दार बडवायला. थट्टेनं म्हणते, पण तिला खरंच हवंय. मी म्हटलं, भाकऱ्या कोण करेल? बघू.

हे पत्र तुला कुठं पाठवणार. पोरीला दाखवायचं म्हटलं तर पुढं खाली लिहितेय ते तिनं वाचायला नको. म्हणून चुलीच्या मागच्या फळीवर ठेवते, डब्याखाली.

शेवट मला येतो. तिला खोटं सांगितलं. आज ती कामावर गेली, खाला लेकीकडं गेलीय. मी कडी लावली, तुझ्या गोधड्या खिडकीवर टाकल्या, काठवट पुढ्यात घेतली आणि एक गोळा थापायला घेतला. तोंड उघडून. आवाज आला. कसा आला ठाऊक नाही, फाटका होता, पण अय्यो नन्नव्वापासून आला. तुझं सगळं घेतलं मी, खानावळीच्या भाकऱ्या, पिठाचा हात, आप्पांचं आधण, काठवट दिलीस ते, मी बोलले नाही ते. डोळे कोरडे होते, तुझ्यासारखेच. भाकरी थापून झाली, मी तव्यावर टाकली नाही, थापतच राहिले, ती काठवटीच्या कडेला लागली, फाटली, तरी थापत होते. आवाज खाली आणला, पार खाली. मागं बघू नको म्हटलं. हितलं आमी बघतो म्हटलं.

'जा' तेवढं म्हटलं नाही.